पाटलाच्या नावचा व्यायाम

रोहिणखेडच्या इंद्रभान पाटलाची कंबर दोन वर्षांपासून दुखत होती आणि तिची खबर नाही असं गावात कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. ओसरीवर पलंग, पलंगावर पाटील आणि पाटलाभोवती सारं घर अशी मांडणी होती. कोणी तापलेल्या विटेनं शेक देई, कोणी एरंडाची पानं गरम करून बांधी, कोणी तेल चोळी. तेल चोळून चोळून पाटलीणबाईंच्या, म्हणजे रुक्मिणीबाईंच्या, हाताची सालटं निघाली, पण पाटलाचं कण्हणं थांबलं नाही. जेवण मात्र चोख होतं. वरणावर तुपाची धार कमी पडली की त्या दिवशी कंबर जास्त दुखायची.

वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या कचरू सालदाराला या कण्हण्याच्या साऱ्या तऱ्हा पाठ झाल्या होत्या. रस्त्यानं कोणी मातबर माणूस चालला असला की पाटील मोठ्यानं कण्हे. गडीमाणूस असला की नुसता उसासा टाकी, कारण गड्यासाठी कण्हणं वाया घालवण्यात अर्थ नव्हता. या माणसाला दुखत असेल तर ते कामाच्या नावानं दुखतं, असं कचरूचं मत होतं, आणि ते त्यानं दोन वर्षांत एकदाही बदललं नव्हतं.

याला कारण होतं. कंबर कचरूचीही दुखत होती, पाटलाच्या किती तरी आधीपासून, आणि ती त्यानं पडून कमावलेली नव्हती. सकाळी शेणगोठा, दिवसभर शेत, सुगीत ज्वारीची पोती आणि कापसाची गाठोडी पाठीवर. पहाटे उठताना त्याला घराची मेढ, म्हणजे मधला खांब, धरावी लागे. चप्पल घालायला वाकला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. हे एकट्या त्याच्या बायकोला, तानाबाईला, ठाऊक होतं आणि दुसऱ्या कोणाला कळून चालणार नव्हतं. सालदाराचं साल गुढीपाडव्याला ठरतं. कंबर गेलेल्या गड्याला साल कोण देणार? म्हातारा बैल निदान बाजारात तरी विकला जातो. म्हणून कचरू ओठ दाबून पोतं उचलायचा, आणि तेवढ्यात ओसरीवरून पाटलाचं कण्हणं आलं की मनातल्या मनात त्याचं सगळं खानदान उद्धारायचा.

मार्गशीर्षात पाटलाचा जावई आला आणि त्यानं सासऱ्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायचंच म्हणून हट्ट धरला. बैलगाडीत गादी, एस्टीत उशा आणि उशा सांभाळायला कचरू, असा लवाजमा घाट चढून गेला.

डॉक्टर तरुण होता, नागपूरहून नवा आलेला. त्यानं पाटलाला उभं केलं, वाकवलं, पायाला टोचून पाहिलं, पाठीचा फोटोही काढला. मग म्हणाला, "हाड शाबूत आहे, नस मोकळी आहे. पडून पडून कंबर आखडली आहे तुमची. औषध नको, पट्टा नको. रोज सकाळी व्यायाम करा आणि भरपूर चाला."

पाटलाचा चेहरा उतरला. एवढा घाट चढून येऊन साधा एक नाव घेण्यासारखा आजार निघू नये, ही त्याला बेअब्रू वाटली.

"आपरेशन नाही?" त्यानं आशेनं विचारलं.

"नाही."

"एखांदी सुई तरी?"

डॉक्टरनं जमिनीवर सतरंजी अंथरली. "झोपा इथं. काय करायचं ते दाखवतो."

पाटील सतरंजीकडे पाहत राहिला. दारात माणसं उभी होती, बाकावर बाया बसल्या होत्या, आणि त्यांच्यादेखत रोहिणखेडच्या पाटलानं उताणं पडून पाय वर करायचे होते. "ह्या गड्याले दाखवा," तो म्हणाला. "हा ध्यानात ठेवीन. घरी गेल्यावर मले सांगीन."

कचरू निजला. गुडघे वाकवून कंबर जमिनीला दाबून धरायची. एकेक गुडघा पोटाशी ओढायचा, मग दोन्ही मिळून. मग तसंच निजून बूड वर उचलायचं आणि सावकाश खाली टेकवायचं. श्वास कोंडायचा नाही. वजन उचलताना कमरेतून वाकायचं नाही, खाली बसून, अंगाशी धरून उचलायचं. डॉक्टर सांगत होता आणि त्याचा हात कचरूच्या पाठीखाली सरकत होता. एका जागी तो हात थांबला.

"इथं दुखतं का तुम्हाला?"

शिकलेल्या माणसानं कचरूला अहोजाहो करण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि नेमकं त्याच वेळी त्याला खोटं बोलावं लागलं. पाटील शेजारीच खुर्चीवर बसला होता.

"नाही जी," कचरू म्हणाला. "माही कंबर लोखंडाची हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलानं कचरूला अंगणात बोलावलं. ओसरीपुढे एक पोतं अंथरलेलं होतं, पोत्याच्या उशाशी नारळ ठेवला होता. पलंग पुढे ओढून पाटील वर लोडाला टेकून बसला होता.

"निज," पाटील म्हणाला.

"मी?"

"मंग काय मी?"

"मालक, डाक्टरनं तुमाले सांगतलं व्यायाम कराले."

"मलेच सांगतलं. पन माह्यानं वाकवते का? वाकवत असतं तं डाक्टरकडं कायले गेलो असतो?" पाटलानं नारळ हातात घेतला. "तू कर. माह्या नावानं. मी देवाजवळ बोलून ठेवतो, गुन मले येईन."

कचरू त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला, आता हसेल, मग हसेल म्हणून. पाटील हसला नाही. स्वतःच्या देहाच्या बाबतीत त्यानं कधी थट्टा केली नव्हती. आणि त्याच्या हिशेबानं यात थट्टेसारखं काही नव्हतंच. त्या घरात एकादशी रुक्मिणीबाई धरायच्या आणि पुण्य पाटलाला लागायचं. पोथी भटजी वाचायचा आणि पाटील शेजारी बसून घोरायचा, तरी पोथीचं फळ पाटलाच्याच पदरात पडायचं. पाटलाच्या बापानं गावदेवीला लोटांगणाचा नवस केला होता, तेव्हा भर उन्हाळ्यात वेशीपासून लोळत गेला तो कचरूचा बाप. त्याची कोपरं सोलून निघाली. देवळाच्या पायरीशी पोचल्यावर त्याला बाजूला व्हायला सांगितलं, कारण त्याच्या जातीला वर चढायची मनाई होती, आणि पाटलाचा बाप धुतल्या धोतरानं आत जाऊन नारळ फोडून आला. नवस फिटला. पुढे कचरूनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, गावदेवीच्या वाटेनं जाणंही बंद केलं. बाप असा कसा लोळला, याची त्याला जन्मभर चीड होती.

"व्यायामाले जातपात नसते," पाटील मोठ्या मनानं म्हणाला, जशी काही कचरूची अडचण तीच होती.

"जेवाले बी एक मानूस ठेवा मंग," रुक्मिणीबाई दारातून म्हणाल्या. "म्हंजे माही चूल तरी थंडी होईन." पाटलाला बायकोचं बोलणं ऐकू यायची सवय नव्हती. त्यानं नारळ फोडला.

कचरू पोत्यावर आडवा झाला. शेण उचलण्यापेक्षा पडून पाय हलवणं काही वाईट नव्हतं, असा त्यानं विचार केला.

मग रोज सकाळी हा तमाशा सुरू झाला. खाली कचरू गुडघे पोटाशी ओढतोय आणि वरून पाटील हुकूम सोडतोय. "आज डावीकडं ठनकून राह्यलं. डावा पाय जास्त ओढ." कचरू डावा पाय जास्त ओढायचा. "हळू बे. मले कळ आली." कचरू हळू करायचा. एखाद्या दिवशी पाटलाला सर्दी असली तर तो म्हणायचा, "आज थोडकंच कर, मले सोसणार नाही." आणि व्यायाम आटोपला की पाटील घाम पुसायचा, एक मोठा पेला दूध प्यायचा आणि थकून झोपायचा. एवढा ठार मूर्ख माणूस इतकी जमीन बाळगून होता आणि पंचायतीत शहाणपण शिकवत होता. कचरूला तर हसूही येईनासं झालं. पोतं झटकून तो गोठ्यात जायचा आणि बैलांशी जास्त इज्जतीनं बोलायचा.

पौष अर्धा सरला असेल. खळ्यात पोती भरून झाली होती. कचरूनं डॉक्टरनं सांगितल्यासारखं खाली बसून पोतं अंगाशी धरलं, उभा राहिला, गाडीत टाकलं, दुसरं घेतलं. दोन-चार पोती टाकून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण ओठ दाबलेले नाहीत. तो तिथंच उभा राहिला. कंबर होती, पण ती आहे हे तिनं आज सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तानाबाई चुलीपुढून म्हणाली, "आज मेढ नाही धरली तुमी."

"नाही धरली."

"काऊन?"

"कंबर मोकळी होऊन राह्यली." हे कबूल करताना त्याला राग आला. एका गाढवाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट आपल्याच अंगी लागावी हे त्याला पसंत नव्हतं. पण कमरेला त्याच्या पसंतीशी काही घेणं नव्हतं. "कोनाजवळ बोलू नको," तो म्हणाला. तानाबाईनं मान हलवली आणि बऱ्याच दिवसांनी ती नीट हसली.

आता तो मन लावून व्यायाम करू लागला. घरी करावा म्हटलं तर पहाटेच्या अंधारात निघायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं, आणि परतल्यावर पाय उचलण्याचं तर सोडाच, डोळे उघडे ठेवण्याचंही त्राण नसायचं. सालदाराचा दिवस सगळा मालकाचा. त्यात सकाळचा हा एवढाच तुकडा त्याच्या कमरेच्या कामी येत होता, आणि तोही पाटलाच्या नावानं.

संक्रांत झाली आणि पाटील कंटाळला. "काई फरक नाही," तो लोडावर रेलून म्हणाला. "डाक्टर बोगस हाये. उद्यापासून बंद कर हे. खामगावचा एक वैद हाये म्हनतात, त्याले बलावतो."

 कचरू उठून बसला आणि त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते त्यालाही अपेक्षित नव्हतं.

"मालक, लहान तोंडी मोठा घास होईन, पन बोलू का? काल तुमी पलंगावरून उठले, तवा पट्टी नाही धरली."

साफ खोटं होतं. पाटलानं पलंगाची पट्टी काल दोन्ही हातांनी धरली होती. पण पाटलाचे डोळे लुकलुकले. "नाही धरली?"

"नाही. मी सोता पायलं. मनात म्हनलं, गुन येऊन राह्यला."

 पाटील पट्टीला हात न लावता उठला. उठलोच आहोत तर म्हणून दारापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी कचरू म्हणाला की चालीत ऐट आली आहे. पाटील ऐटीत विहिरीपर्यंत जाऊन आला. तिसऱ्या दिवशी कचरू म्हणाला की मालक लांबून पाहिले तर जावयापेक्षा ताठ दिसतात. पाटील मळ्यापर्यंत गेला, गावातल्या लोकांना लांबून पाहता यावं म्हणून. रोज सकाळी पाय खाली-वर करता करता कचरू नवी थाप जुळवायचा आणि पाटील ती गिळून नवी वाट चालायचा. डॉक्टरनं भरपूर चालायला सांगितलं होतं ते असं कचरूच्या थापांवर अमलात आलं. आपली जीभ इतकी गुळगुळीत असेल हे कचरूला माहीत नव्हतं. बापाचं लोळणं बरं, तो निदान मुकाट्यानं लोळला, असंही त्याला एखाद्या वेळी वाटायचं, आणि मग तो थुंकून कामाला लागायचा.

होळीपर्यंत पाटील पारावर बसून आपल्या व्यायामाच्या गोष्टी सांगू लागला. "पहिले पहिले लय जड गेलं," तो म्हणायचा. "पन मी सोडलं नाही."

आणि गुढीपाडवा आला. पाटलानं पुरणपोळीचा बेत केला, गावातली चार मोठी माणसं जेवायला बोलावली. पानं उठल्यावर त्यानं कचरूला पुढे बोलावून एक उपरणं आणि नारळ दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज व्यायामाचं उद्यापन हाये. घेतलेलं व्रत पुरं झालं. कचरूचं साल पुढं चालू. उद्यापासून व्यायाम बंद, सकाळीच मळ्यात जाय."

कचरू उपरणं हातात घेऊन उभा राहिला. चांगल्या चांगल्या थापा मारून त्यानं सकाळचा तो तुकडा राखला होता, आणि त्याच थापांनी पाटलाला बरं करून तो तुकडा घालवला होता. उद्यापासून पुन्हा पोती, पुन्हा मेढ, आणि पुढच्या पाडव्याला कदाचित साल नाही.

"मालक," तो म्हणाला, "सकाळचं तेवढं राहू द्या."

"काऊन? मी बरा झालो ना आता."

"मले लागते."

"तुले कायले लागते?"

अजूनही काहीतरी जुळवता आलं असतं. पण इतके दिवस खोटं बोलून कचरूला त्याची शिसारी आली होती. "माही कंबर दुखत व्हती," तो म्हणाला. "लय सालापासून. ह्या व्यायामानं बरी झाली."

ही गोष्ट पाटलाच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरली तेव्हा त्याचं तोंड लाल झालं. "म्हंजे माह्या नावचा व्यायाम तुले लागला? तरीच मले गुन याले एवढे दिवस गेले. अर्धा तं तू खाल्ला."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. "नारळ पाटलाचा, जागा पाटलाची," एक जण म्हणाला. "ही चोरीच झाली." पुरणपोळी खाल्लेली ती शहाणी माणसं कचरूकडे अशी पाहू लागली, जणू त्यानं खळ्यातलं पोतं लांबवलं होतं.

तेव्हा कचरूचा तोल गेला. "तुमच्या नावानं मी जेवलो तं तुमचं पोट भरते का?" तो म्हणाला. "ज्याची कंबर त्यानंच हलवा लागते. तुमी बरे झाले ते चालले म्हून. माह्या पाय हलवल्यानं तुमचा केस बी हालला नाही. आन पट्टी तुमी रोज धरत व्हते. मी खोटं बोलत व्हतो, आन तुमी ते खरं मानत व्हते, कारन तुमाले खरं आयकायची सवयच नाही."

 रुक्मिणीबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, रडायला नव्हे.

"साल नाही तुले," पाटील म्हणाला. मग पाहुण्यांकडे वळून त्यानं एकेक शब्द सावकाश उच्चारला. "आन तुमी बी आयकून घ्या. ह्याची कंबर मोडकी हाये. उद्या कोनी ठेवला तं मंग म्हनू नका, पाटलानं सांगतलं नाही."

इतकी वर्षं ओठ दाबून जे झाकलं ते एका दमात गावापुढे उघडं पडलं. कचरूनं उपरणं आणि नारळ ओसरीच्या कडेवर ठेवला आणि तो चालू लागला. तानाबाईला काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं. पाडव्याच्या दिवशी दुपारपर्यंत गावातल्या साऱ्या गड्यांची सालं ठरून जातात.

वळणावर मागून हाक आली. जेवायला आलेल्यांतला जानराव शेतकरी पोट सावरत घाईनं येत होता. पाटलानंतर गावात जमीन होती ती त्याचीच.

"कचरू, थांब जरा," तो धापा टाकत म्हणाला. "माह्या घरची, जनकाबाई, कमरेनं लय बेजार हाये."

"मंग बुलढान्याले न्या. डाक्टर चांगला मानूस हाये."

"न्याचं कायले? तुले येते ना." जानरावानं इकडेतिकडे पाहिलं. "साल देतो. पुरं. सकाळी तिच्या नावानं तेवढं कराचं, मंग शेतात जाचं."

कचरूला वाटलं, याच्या कानात काही बिघाड आहे. "मी आता काय म्हनलो ते तुमी आयकलं नाही का?"

"आयकलं ना. पन पाटील चालून राह्यला, हे बी पायलं. तू बी बरा झाला. मंग खोट कशात हाये?" जानराव जवळ सरकला आणि जमिनीचा व्यवहार बोलतात तशा हलक्या आवाजात म्हणाला, "पाटलाचं चुकलं ते बोलन्यात. त्यानं पहिले वाटा ठरवला नाही. आपन बटईनं करू. अर्धा गुन तुले, अर्धा तिले."

कचरू त्याच्या गोल, प्रामाणिक तोंडाकडे पाहत राहिला. पाटील निदान आळशी होता. हा तर नेकीनं मूर्ख होता. याला समजावणं म्हणजे धोंड्याला अंघोळ घालणं. पाठ फिरवून निघून जावं असं त्याला मनापासून वाटलं आणि तो दोन पावलं निघालाही. पण कंबर त्याच्याबरोबरच निघाली होती. साल नसेल तर ती रोजंदारीच्या कामात महिनाभरात पुन्हा धरणार होती, आणि याच्याकडे रोज सकाळी तिला अंथरलेलं पोतं मिळणार होतं. तो थांबला. सारी किळस त्यानं गिळली. सवयीची असल्यामुळे ती घशात अडकली नाही.

"येतो," तो म्हणाला. "पन एक अट हाये."

"बोल."

"मी तुमच्याकडं हाय तोवर उद्यापन कराचं नाही. जनकाबाई बऱ्या झाल्या तरी नाही, नाही झाल्या तरी नाही."

 जानरावाचे डोळे भरून आले आणि त्यानं कचरूचा हात हातात घेऊन शब्द दिला. घरी गेल्यावर त्यानं जनकाबाईला सांगितलं की गडी बौद्ध असला तरी मोठा भाविक आहे.